ग्राफीनवर बर्फ: बदल एक, उत्तरं तीन

२००८ साली अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात, वॉशिंग्टनजवळच्या कॉलेज पार्कमध्ये, दिसायला अगदी साधा असा एक प्रयोग झाला. सिलिकॉनच्या चकतीवर ग्राफीनचा, म्हणजे एकाच अणूच्या जाडीच्या कार्बन थराचा, तुकडा, भोवती अतिउच्च निर्वात आणि तापमान ७७ केल्विन, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनचं. या तुकड्यावर पाण्याची थोडीशी वाफ सोडायची. एवढ्या थंडीत ती पडेल तिथंच गोठते. बर्फाचे मोजके रेणूथर साचले की थांबायचं आणि ग्राफीनची विद्युतवाहकता आधी किती होती, आता किती आहे, ते मोजायचं.

बर्फ काही वीज वाहून नेत नाही. ग्राफीनला इलेक्ट्रॉन देत नाही की घेत नाही, नुसता वर बसून राहतो. तरीही वाहकता बदलली, आणि ती तीन तऱ्हांनी बदलली. एका प्रकारच्या दोषांमुळे होणारा अडथळा कमी झाला आणि त्या दोषांपुरती मोबिलिटी, म्हणजे इलेक्ट्रॉन किती सहज पळतात त्याचं माप, ३० टक्क्यांहून जास्त वाढली. दुसऱ्या प्रकारच्या दोषांपुरती वाहकता मात्र जवळजवळ ४० टक्क्यांनी घसरली. आणि ग्राफीनची जी किमान वाहकता असते, ती होती तिथंच राहिली.

कार्बनच्या थरांमधले इलेक्ट्रॉन परक्या विद्युतप्रभाराला कसे झाकतात, ज्याला सगळे स्क्रीनिंग म्हणतात, ते समजून घ्यायला मला यापेक्षा चांगलं प्रकरण माहीत नाही. समीकरणांनी भरलेले शोधनिबंध पुष्कळ आहेत. इथं मात्र पाठकोऱ्या कागदावर गणित मांडून उत्तर प्रयोगाशी ताडून बघता येतं. ते आपण पुढे करणारच आहोत.

आधीची परिस्थिती

मँचेस्टरला आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीनं ग्राफाइट सोलून एकच अणू जाडीचा थर वेगळा काढला आणि २००४ मध्ये त्याचे विद्युत गुणधर्म प्रसिद्ध केले. तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक प्रयोगाची मांडणी एकच असायची: खाली वाहक सिलिकॉन, त्यावर सुमारे ३०० नॅनोमीटर सिलिकॉन डायऑक्साइड, त्यावर ग्राफीन. सिलिकॉनला व्होल्टेज दिलं की ग्राफीनमधल्या इलेक्ट्रॉनांची संख्या हवी तशी कमी-जास्त करता येते. हेच गेट.

गेट फिरवत वाहकता मोजली की इंग्रजी व्ही अक्षरासारखा आलेख मिळतो. मधल्या टोकावर इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा, ज्या धन प्रभारासारख्या वागतात) समसमान, म्हणजे निव्वळ प्रभार शून्य. तिथून दोन्ही बाजूंना वाहकता इलेक्ट्रॉनांच्या संख्येच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढते. खूप पुढे गेलं की रेषा जराशी वाकते, दबते.

ही सरळ रेषाच सुरुवातीला कोडं होऊन बसली. ग्राफीनमध्ये इलेक्ट्रॉनांची ऊर्जा संवेगाच्या सम प्रमाणात वाढते आणि वेग कायम राहतो, सेकंदाला सुमारे दहा लाख मीटर, प्रकाशाच्या वेगाच्या तीनशेव्या हिश्श्याएवढा. अशा पदार्थात अडथळे जर लहानसहान असतील, म्हणजे एखादा अणू गायब किंवा जाळीत एखादी गाठ, तर वाहकता इलेक्ट्रॉनांच्या संख्येवर अवलंबूनच राहू नये असं गणित सांगतं. आलेख आडवा यायला हवा, येतो तिरपा.

मग संशय गेला खालच्या सिलिकॉन डायऑक्साइडवर. त्यात आणि त्याच्या पृष्ठभागावर अडकून बसलेले प्रभार असतात. चिप बनवणाऱ्यांना ही डोकेदुखी कैक वर्षांची. प्रभाराची ओढ लांबवर पोचते, आणि ग्राफीनमध्ये अशा लांब पल्ल्याच्या अडथळ्याचं गणित केलं तर वाहकता इलेक्ट्रॉनांच्या संख्येच्या प्रमाणातच येते. त्सुनेया आंदो, केंतारो नोमुरा आणि अ‍ॅलन मॅकडॉनल्ड, आणि मेरीलँडचाच शंकर दास सर्मा यांचा गट, सगळे २००६-०७ च्या सुमारास स्वतंत्रपणे या निष्कर्षाला पोचले.

मेरीलँडमध्येच मायकेल फ्यूरर यांच्या प्रयोगगटानं त्याची थेट परीक्षा घेतली. निर्वातात, अतिथंड ग्राफीनवर पोटॅशियमचे अणू थोडेथोडे सोडले. पोटॅशियम आपला एक इलेक्ट्रॉन ग्राफीनला देऊन टाकतो आणि स्वतः धन आयन होऊन बसतो. म्हणजे मोजून-मापून प्रभार टाकण्याची ही सोय. जसजसे आयन वाढले तसतशी मोबिलिटी व्यस्त प्रमाणात घटली, आणि रेषा सरळच राहिली. मोबिलिटी चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद या एककात घेतली आणि तिला दर चौरस सेंटिमीटरमधल्या प्रभारांच्या संख्येनं गुणलं, तर गुणाकार ५ वर १५ शून्यं एवढा येतो. सिद्धांताचा आकडाही जवळपास तोच.

याचा अर्थ असा की सिलिकॉन डायऑक्साइडवरच्या ग्राफीनच्या तुकड्याची मोबिलिटी १०,००० असेल, तर त्याच्या आसपास साधारण साडेसात हजार कार्बन अणूंमागे एक परका प्रभार आहे. दोन प्रभारांमधलं सरासरी अंतर १४ नॅनोमीटर. फार नाहीत, पण पुरून उरतात.

झाकणारे दोघं

आता मुद्द्यावर. ग्राफीनजवळ धन प्रभार असेल तर त्याची ओढ दोन गोष्टी कमी करतात.

पहिली म्हणजे आजूबाजूचं माध्यम. ग्राफीनला जाडी नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे विद्युतक्षेत्राच्या रेषा बहुतांश पापुद्र्याच्या बाहेरूनच जातात, अर्ध्या वरून, अर्ध्या खालून. म्हणून माध्यमाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे माध्यम प्रभाराची ओढ किती पटीनं मंदावतं तो आकडा, दोन्ही बाजूंची सरासरी असतो. वर निर्वात (१) आणि खाली सिलिकॉन डायऑक्साइड (३.९), म्हणजे सरासरी २.४५. वर बर्फ (या तापमानाला सुमारे ३.२) आला की सरासरी ३.५५. पोलादाच्या किंवा तांब्याच्या तुकड्यावर बर्फ टाकून आतल्या इलेक्ट्रॉनांना काडीचा फरक पडणार नाही. एका अणूच्या जाडीत मात्र आत आणि बाहेर असं वेगळं काही उरतच नाही.

दुसरे झाकणारे म्हणजे ग्राफीनमधले इलेक्ट्रॉन स्वतः. धन प्रभाराकडे ते थोडे सरकतात, त्याच्याभोवती दाटी करतात, आणि लांबून बघणाऱ्या इलेक्ट्रॉनला मूळ प्रभार आणि त्यावरची दाटी अशी गोळाबेरीज दिसते. ही दाटी किती जमेल ते दोन गोष्टींवर ठरतं: सरकायला इलेक्ट्रॉन किती मोकळे आहेत, आणि त्यांच्यावर प्रभाराचा जोर किती चालतो.

नेहमीच्या दोन मितींतल्या धातूत, उदाहरणार्थ गॅलियम आर्सेनाइडच्या जोडावर अडकवलेल्या इलेक्ट्रॉनांच्या थरात, मोकळ्या जागांची घनता ऊर्जेनुसार बदलत नाही. म्हणून इलेक्ट्रॉन वाढवले तरी झाकण्याचा पल्ला तोच राहतो. ग्राफीनमध्ये ती घनता ऊर्जेच्या प्रमाणात वाढते. परिणामी झाकण्याचा पल्ला इलेक्ट्रॉनांच्या तरंगलांबीबरोबरच आखडतो आणि त्याच्याबरोबरच लांबतो, दोघांचं गुणोत्तर ढळत नाही. हे गुणोत्तर फक्त एका संख्येवर ठरतं: इलेक्ट्रॉनांमधल्या विद्युत प्रतिकर्षणाचा जोर भागिले त्यांची गतिज ऊर्जा. हिला ग्राफीनचा अल्फा म्हणतात, अणुभौतिकीतल्या १/१३७ या प्रसिद्ध स्थिरांकाची ही थोरली भावंड. निर्वातात टांगलेल्या ग्राफीनला अल्फा २ च्या वर जातो, कारण वेग प्रकाशाच्या मानानं तीनशेपट कमी. सिलिकॉन डायऑक्साइडवर ०.८१ आणि वर बर्फ आला की ०.५६.

आणि इलेक्ट्रॉन अजिबात नसतील तर? म्हणजे व्हीच्या अगदी टोकावर? तिथं ग्राफीन धातूसारखं झाकतच नाही, निरोधकासारखं झाकतं. प्रभार पूर्ण झाकला जात नाही, ठरावीक पटीनं फिका होतो, मग तुम्ही जवळून बघा की लांबून. निर्वातातल्या ग्राफीनसाठी सर्वांत सोप्या अंदाजानं ही पट सुमारे ४.४ येते. धातू नाही आणि निरोधकही नाही अशा पदार्थाचं हे मधलंच वागणं पाहून मला अजूनही गंमत वाटते. तशी ही गोष्ट ग्राफीन हाती येण्याच्या फार आधीची आहे. डेव्हिड डिव्हिन्सेंझो आणि यूजीन मेली यांनी १९८४ मध्येच ग्राफाइटच्या थरांत घुसवलेल्या परक्या आयनांभोवती थरातले इलेक्ट्रॉन कसे जमतात याचं गणित केलं होतं. तेव्हा त्याचा उपयोग ग्राफाइटच्या संयुगांपुरता होता. वीस वर्षांनी सगळे परत त्या निबंधाकडे वळले.

पाठकोऱ्या कागदावरचं गणित

इलेक्ट्रॉन परक्या प्रभाराला धडकून वळतो तेव्हा त्याच्या संवेगात काही बदल होतो. ग्राफीनमध्ये समोरून धडकून सरळ मागे फिरणं निषिद्ध आहे, आणि अगदी किरकोळ वळण्यानं विद्युतप्रवाहाचं काही बिघडत नाही. नुकसान करतात ती मधली, काटकोनाच्या आसपासची वळणं. काटकोनात वळलं की संवेगातला बदल मूळ संवेगाच्या १.४१ पट असतो. ही संख्या धरून चालू.

प्रभारित दोषाचा झाकलेला जोर काढायचा तर वर अल्फा आणि खाली १.४१ अधिक ४ अल्फा. वरचा अल्फा दोषाची मूळ ओढ दाखवतो, खालचा ४ अल्फा इलेक्ट्रॉनांनी केलेलं झाकण. बर्फाआधी: ०.८१ भागिले ४.६५, म्हणजे ०.१७४. बर्फानंतर: ०.५६ भागिले ३.६५, म्हणजे ०.१५३. धडकण्याचं प्रमाण जोराच्या वर्गावर असतं, म्हणून दोन्हींचे वर्ग करून भागाकार घेतला की १.२९ येतो. मोबिलिटी २९ टक्क्यांनी वाढायला हवी. मोजमाप म्हणतं, ३० टक्क्यांहून थोडी जास्त. एकच कोन धरून केलेल्या हिशेबाला एवढं जमलं तर फार झालं.

आता इलेक्ट्रॉनांचं झाकण काही वेळ विसरा. फक्त माध्यम बदललं असतं तर सुधारणा ०.८१ भागिले ०.५६ याच्या वर्गाइतकी, म्हणजे दुपटीहून जास्त झाली असती. प्रत्यक्षात तीस टक्के. बाकीची कमाई गेली कुठं? ती इलेक्ट्रॉनांच्या खात्यातून वजा झाली. बर्फानं प्रभाराची ओढ मंदावली, पण तीच ओढ इलेक्ट्रॉनांना दाटी करायला लावत होती. ओढ मंदावली तशी दाटीही विरळ झाली.

आता दुसऱ्या प्रकारचे दोष घ्या, जाळीतली भोकं, गाठी, प्रभार नसलेले. त्यांचा जोर काही विद्युत ओढीतून येत नाही, म्हणून बर्फ त्यांना हातही लावत नाही. पण इलेक्ट्रॉन त्यांच्याभोवतीही जमा होऊन त्यांना झाकत असतात. इथं वर अल्फा नाही, फक्त १.४१, खाली मात्र तेच १.४१ अधिक ४ अल्फा. बर्फाआधी ०.३०४, बर्फानंतर ०.३८७. वर्गांचा भागाकार ०.६२. म्हणजे वाहकता ३८ टक्क्यांनी घसरायला हवी. मोजली तेव्हा जवळजवळ ४० टक्क्यांनी घसरलेली होती.

ही घसरण मला या प्रकरणातला सर्वांत भक्कम पुरावा वाटते. सुधारणेला दहा कारणं चिकटवता येतात: पृष्ठभाग स्वच्छ झाला असेल, एखादा वायू निघून गेला असेल. पण बर्फ टाकल्यानं निर्जीव भोकं जास्त नडायला लागतात, हे इलेक्ट्रॉनांचं झाकण सैल झालं असं मानल्याशिवाय सांगता येत नाही. आणि दोन्ही आकडे एकाच आलेखातून निघतात. रोधांची बेरीज होते या साध्या नियमानं सरळ रेषेचा चढ प्रभारांकडे जातो आणि शेवटचं वाकणं छोट्या दोषांकडे. बर्फानंतर चढ वाढला आणि वाकणंही वाढलं.

राहिली किमान वाहकता. व्हीच्या टोकावर इलेक्ट्रॉन शून्य असायला हवेत, पण खालच्या प्रभारांमुळे ग्राफीनमध्ये जागोजागी इलेक्ट्रॉनांची आणि होलांची तळी साचतात. आमिर याकोबी आणि सहकाऱ्यांनी एकेका इलेक्ट्रॉनला संवेदनशील असलेलं टोक ग्राफीनवरून फिरवून ही तळी २००८ मध्येच प्रत्यक्ष दाखवली. किमान वाहकता म्हणजे या तळ्यांमधल्या प्रभारांची घनता गुणिले मोबिलिटी. बर्फामुळे तळी उथळ झाली आणि मोबिलिटी वाढली, गुणाकार होता तेवढाच राहिला. योगायोग म्हणावा तर सिद्धांतही तेच सांगत होता.

पाणीच का, आणि गोठलेलंच का

द्रवरूप पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८० च्या घरात आहे, मग ३.२ वर समाधान का मानायचं? पाण्याचा रेणू क्षेत्राच्या दिशेला वळतो म्हणून ते ८० येतात. ७७ केल्विनला रेणू जागच्या जागी थिजतात आणि वळणं थांबतं. पण द्रवात आयन असतात, ते स्वतःच जाऊन प्रभार झाकतात, आणि मग कोणी काय झाकलं याचा पत्ता लागत नाही. गोठलेला, स्वच्छ, हलू न शकणारा थर लहान बदल करतो, पण त्या बदलाचा हिशेब लागतो. मोठा परिणाम मिळवण्यापेक्षा मोजता येईल असा परिणाम निवडला, यात प्रयोगकर्त्यांची अक्कलहुशारी दिसते.

मोठ्या बदलाचा प्रयोगही झाला. २००९ मध्ये मँचेस्टरच्या गटानं ग्राफीनवर ग्लिसरॉल, इथेनॉल आणि पाणी घालून बघितलं. प्रभारच मुख्य गुन्हेगार असतील तर मोबिलिटी कैक पटींनी वाढायला हवी होती. तशी काही ती वाढली नाही. त्यांनी निष्कर्ष काढला की अडथळा मुख्यतः प्रभारांचा नाही. पुढे असंही दाखवण्यात आलं की ग्राफीनला चिकटलेले काही रेणू किंवा गायब अणू टोकाजवळच्या ऊर्जेला इलेक्ट्रॉन धरून ठेवतात आणि तेही जवळजवळ सरळ रेषाच देतात. वाद बराच चालला.

माझं मत असं की दोघांचे तुकडे वेगळे होते आणि दोघांचं मोजमाप बरोबर होतं. चिकटपट्टीनं सोललेला, रेझिस्ट (चिपवर आकृती उमटवायला लावतात तो लेप) लावून धुतलेला, कधी भाजलेला, कधी न भाजलेला ग्राफीनचा प्रत्येक नमुना आपापली घाण घेऊन येतो. मेरीलँडच्या तुकड्यात प्रभारांचं पारडं जड होतं, पोटॅशियमच्या प्रयोगानं ते सिद्धच केलं आहे. म्हणून बर्फाच्या प्रयोगाचं मोल 'ग्राफीनला कोण अडवतं' या प्रश्नाच्या उत्तरात शोधू नये. माध्यम आणि इलेक्ट्रॉन हे दोन झाकणारे एकमेकांच्या आड येतात, हे त्यानं सुटं करून दाखवलं. तो निष्कर्ष नमुना बदलला तरी टिकतो.

व्यवहारातला उपाय मात्र तिसरीकडूनच आला. २०१० मध्ये कोलंबिया विद्यापीठात ग्राफीन सिलिकॉन डायऑक्साइडऐवजी षटकोनी बोरॉन नायट्राइडच्या स्फटिकावर ठेवलं गेलं. स्फटिक जपानमधल्या त्सुकुबाच्या वातानाबे आणि तानिगुची यांनी वाढवलेले. मोबिलिटी आणि तळ्यांचा सपाटपणा दोन्ही जवळपास दहापट सुधारले. बोरॉन नायट्राइडचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक सिलिकॉन डायऑक्साइडच्या आसपासच आहे, म्हणजे झाकण्यात काही फरक पडलेला नव्हता. तळ सपाट होता आणि त्यात झाकायला लागतील असे प्रभारच फारसे नव्हते.

थर वाढले तर

एकाऐवजी थर दहा झाले, म्हणजे ग्राफाइटकडे वाटचाल सुरू झाली, की चित्र पुन्हा पालटतं. खालून येणारं गेटचं क्षेत्र पहिल्या एक-दोन थरांतच बहुतेक विरून जातं. थरांमधलं अंतर ०.३३५ नॅनोमीटर, तेव्हा हा पल्ला नॅनोमीटरच्या आतबाहेर. म्हणून जाड तुकड्याच्या वर बर्फ टाकून खालच्या प्रभारांवर परिणाम होण्याची अपेक्षा धरू नये. मधले थरच दोघांना एकमेकांपासून झाकून ठेवतात.

याच गुणाचा उपयोग हल्ली उलट्या बाजूनं केला जातो. जादुई कोनात, म्हणजे सुमारे १.१ अंशात, पिळून एकमेकांवर ठेवलेल्या ग्राफीनच्या दोन थरांत २०१८ मध्ये अतिवाहकता, म्हणजे अजिबात रोध न होता वीज वाहणं, सापडली. तिच्या शेजारीच, इलेक्ट्रॉन एकमेकांना अडवून बसल्यामुळे तयार होणारी निरोधक अवस्थाही होती. दोन्हींचं मूळ एकच का, हा प्रश्न लगेच उभा राहिला. २०२० मध्ये बार्सिलोनाच्या गटानं या जोडीपासून काही नॅनोमीटरवर, मध्ये बोरॉन नायट्राइडचा पातळ थर घालून, ग्राफाइटचा तुकडा ठेवला. ग्राफाइटमधले इलेक्ट्रॉन जोडीतल्या इलेक्ट्रॉनांचं परस्पर प्रतिकर्षण बाहेरून झाकू लागले, बर्फ करत होता तसंच, पण बर्फाहून कितीतरी जोरात. निरोधक अवस्था नाहीशी झाली. अतिवाहकता शिल्लक राहिली.